विषारी रसायनं कमी करायची, पण पैसा कुठून? नागपूरच्या गटांचे नेहमीचे प्रश्न

बचत गट, शेतकरी गट, शाळा व्यवस्थापन समित्या, गणेश मंडळं, कारागिरांचे छोटे संघ विषारी रसायनांचा वापर कमी करण्याच्या कामासाठी अनुदानाचा अर्ज लिहायला बसले की जे प्रश्न हमखास निघतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही शहरातले आहेत, काही सावनेर-काटोलकडचे. जो तुमचा नाही तो खुशाल वगळा.

हे अनुदान नेमकं कशाला मिळतं?

विकत घेतलं जाणारं विष कमी करायला. सांडलेलं विष पुसायला नाही.

हा फरक पहिल्याच दिवशी डोक्यात पक्का बसवा, कारण निम्मे अर्ज इथेच घसरतात. नाग नदीतला गाळ काढणं, नाल्याला जाळी बसवणं, भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाणारा कचरा वेगळा करणं ही सगळी चांगली कामं आहेत, पण त्यांना निधी वेगळा आणि ती करणारी यंत्रणाही वेगळी. इथे प्रश्न एकच विचारला जातो: काम संपल्यावर कोणत्या दुकानातून कोणती वस्तू किती कमी येणार? याचं उत्तर एका वाक्यात देता आलं तर प्रस्ताव उभा राहतो. ‘आमचा प्रभाग रसायनमुक्त करू’ हे त्याचं उत्तर नव्हे.

ही कल्पना कुठली?

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याची. तिथे १९८९ मध्ये विषारी रसायनांचा वापरच कमी करण्याचा कायदा झाला. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त विषारी रसायनं वापरणाऱ्या कारखान्यांनी दरवर्षी वापर कळवायचा, शुल्क भरायचं आणि वापर कसा घटवता येईल याचा आराखडा करायचा. लोवेल इथल्या विद्यापीठात त्यासाठी एक संस्था उभी राहिली आणि ती स्थानिक गटांना छोटी अनुदानं देऊ लागली: नेल सलूनमधली रसायनं, लाकडी फरशीला लावायचं पेट घेणारं पॉलिश, हिरवळीवरची कीटकनाशकं असे अगदी गल्लीतले विषय.

योगायोग बघा. त्याच १९८९ साली आपल्याकडे घातक रसायनांच्या उत्पादन, साठवण आणि आयातीचे नियम आले. भोपाळनंतर ते यायलाच हवे होते. पण त्यांचा सगळा भर साठा नीट ठेवा, अपघात टाळा, आपत्कालीन आराखडा करा यावर आहे. ‘मुळात कमी वापरा’ हे सांगणारा आणि त्यासाठी पैसे देणारा कायदा आपल्याकडे नाही. म्हणून आपल्याला पैसा चार ठिकाणांहून जमवावा लागतो.

मग नागपुरात पैसे देतं कोण?

‘विषारी रसायन कपात अनुदान’ अशा नावाची खिडकी कुठे सापडणार नाही. पण दारं आहेत.

सगळ्यात मोठं दार कंपन्यांच्या सीएसआरचं, म्हणजे सामाजिक कामासाठी त्यांना खर्चावा लागणाऱ्या पैशाचं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. पर्यावरण आणि आरोग्य हे दोन्ही विषय त्या यादीत आहेत. शिवाय कंपनी जिथे काम करते त्या स्थानिक भागाला प्राधान्य द्यायचं असं कायद्यातच लिहिलंय, ते अर्जात ठळक करा. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉइल या दोन सरकारी कंपन्यांची मुख्यालयं नागपुरातच आहेत. हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतल्या मध्यम कंपन्यांकडे सहसा कोणी जात नाही, आमच्या मते आधी तिथेच जावं. मोठ्या कंपनीत तुमची फाइल दोनशे फायलींखाली असते.

शेतीसाठी सरकारी योजना आहेत. परंपरागत कृषी विकास योजनेत गट करून सेंद्रिय शेतीकडे वळणाऱ्यांना तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपयांचं साहाय्य असतं, त्यातले १५,००० निविष्ठांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात येतात. डॉ. पंजाबराव देशमुख नैसर्गिक शेती मिशन आपल्या विदर्भातूनच सुरू झालं, मुख्यालय अकोल्याला. केंद्राच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. या सगळ्यांचा रस्ता तालुका कृषी अधिकारी आणि ‘आत्मा’च्या (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयातून जातो, तेव्हा गटाची नोंदणी तिथे आधी करून ठेवा.

गावात असाल तर ग्रामपंचायत विकास आराखडा विसरू नका. ग्रामसभेत विषय मांडून आराखड्यात घुसवला की लहान रकमेसाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही. जिल्हा नियोजन समितीकडे नावीन्यपूर्ण योजनांसाठीही तरतूद असते. शहरात रोटरीसारखे क्लब छोट्या रकमा लवकर देतात आणि कागदही कमी मागतात.

आणि जागतिक पर्यावरण सुविधेचा (जीईएफ) लघु अनुदान कार्यक्रम आहे, तो संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत राबवला जातो. १९९२ पासून चालतो आणि रसायनं व कचरा हा त्याच्या विषयांपैकी एक आहे. मात्र त्यांच्या प्रत्येक फेरीत प्रदेश ठरलेले असतात. आपला जिल्हा त्यात बसतो का हे पाहिल्याशिवाय पन्नास पानं लिहू नका.

आमचा गट नोंदणीकृत नाही. चालेल?

क्लब आणि ग्रामपंचायत चालवून घेतात. सीएसआर नाही. सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेकडे १२ए आणि ८०जी ही प्राप्तिकर खात्याकडची नोंदणी लागते, एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा नोंदणी क्रमांकही लागतो, आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. काल जन्मलेली संस्था यात बसत नाही.

यावर उपाय जुनाच: एखाद्या जुन्या, स्वच्छ हिशेबाच्या संस्थेला मुख्य अर्जदार करा आणि तुमचा गट प्रत्यक्ष काम करणारा भागीदार. पण दोघांमध्ये लेखी करार हवा. पैसे किती दिवसांत तुमच्याकडे येतील, प्रशासकीय खर्चापोटी ती संस्था किती कापेल, अहवाल कोण लिहील, फोटोखाली नाव कुणाचं, हे सगळं आधी ठरवा. ‘आपलेच लोक आहेत’ म्हणून तोंडी ठेवलेल्या व्यवहारात मैत्री आणि प्रकल्प दोन्ही जातात.

काहून एवढे कागद लागतात?

कारण देणाऱ्यालाही लेखापरीक्षण आहे. पॅन, बँक खातं, धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, कार्यकारिणीचा ठराव. एकदा एका फाइलमध्ये लावून ठेवा, दर वेळी धावाधाव होत नाही.

परदेशातून कुणी पैसे देत असेल तर?

एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालच्या नोंदणीशिवाय एक रुपयाही घेऊ नका, भले नातेवाइकाच्या संस्थेने दिला तरी. त्या नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. शिवाय २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, म्हणजे वर सांगितलेली भागीदारीची युक्ती इथे चालत नाही. लहान गटांनी या वाटेला जाऊ नये.

कोणत्या रसायनापासून सुरुवात करावी?

ज्याचं नाव, दुकान आणि वापरणारा माणूस तुम्हाला ठाऊक आहे अशा एकाच रसायनापासून. यादी मोठी केली की काम पातळ होतं. आमच्याकडे वारंवार येणारी तीन क्षेत्रं पुढे सविस्तर घेतली आहेत: कापसावरची फवारणी, सोनारकाम आणि शाळेतली सफाई.

कापसाच्या फवारणीवर आमच्यासारखा छोटा गट काय करणार?

बरंच. आणि निकड इथेच सर्वांत जास्त आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्या वर्षी कापूस माणसाच्या डोक्यापर्यंत वाढला होता. पेट्रोलचा किंवा बॅटरीचा पंप पाठीवर, तुषार अगदी बारीक, वारा पडलेला, उघडे पाय, आणि दोन-तीन औषधं एकाच टाकीत कालवलेली. नोझल तुंबलं की तोंडाने फुंकायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात सावनेर किंवा उमरेडच्या रस्त्याने गेलात तर हेच चित्र आजही धुऱ्यावरून दिसतं. फवारणारा बहुतेकदा मालक नसतो, रोजावर आलेला मजूर असतो, आणि टाकीत काय आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता कपात कुठे होते ते बघा. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) हेक्टरी पाच लावले जातात. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग सापडले, किंवा हिरव्या बोंडांत दहा टक्के प्रादुर्भाव दिसला, तरच फवारायचं, ही आर्थिक नुकसानीची पातळी. व्यवहारात मात्र फवारणी पंचांगाने होते: शेजाऱ्याने मारलं म्हणून आपण मारायचं, पोळ्याच्या आधी एक, नंतर एक. सापळा पाहून निर्णय घ्यायला लावणं, एवढंच काम नीट केलं तरी नको असलेल्या फवारण्या गळतात. त्यासोबत पहिले दोन महिने शक्यतो रासायनिक फवारणी टाळून मित्रकीटकांना जगू देणं, पाच टक्के निंबोळी अर्क, पिवळे चिकट सापळे, ट्रायकोकार्ड (मित्रकीटक असलेलं कार्ड), आणि फरदड, म्हणजे वेचणीनंतर तेच पीक पुढे राखणं, न घेणं. हंगाम लांबवला की बोंडअळीला पुढच्या वर्षाचं आमंत्रणच जातं.

निंबोळी अर्क सगळे सांगतात, करत कोणी नाही, कारण निंबोळ्या उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडावर वेचाव्या लागतात आणि त्याच वेळी पेरणीची गडबड असते. पाच किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाण्यात साबणाच्या द्रावणासह फवारायच्या, हे ऐकायला सोपं आहे. वेचणार कोण, कुटणार कोण? अनुदान मागायचं ते इथे. बचत गटातल्या बायांना निंबोळी वेचायची मजुरी आणि एक दळणयंत्र, सापळे आणि त्यांच्यातल्या गंधाच्या गोळ्या (ल्यूर), आणि दर आठवड्याला सापळे मोजून गावच्या फळ्यावर आकडा लिहिणाऱ्या दोन पोरांचं मानधन. प्रस्तावात हे तीन घटक आले की वाचणाऱ्याला कळतं, लिहिणारा शेतात गेलेला आहे.

मार्गदर्शनासाठी लांब जायला नको. केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरातच आहे, केंद्र सरकारचं एकात्मिक कीड व्यवस्थापन केंद्र आहे, महाराजबागेजवळ कृषी महाविद्यालय आहे. संत्र्यासाठी केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था. यांच्यापैकी एकाचं तांत्रिक साहाय्याचं पत्र अर्जाला जोडा. असं पत्र जोडलेल्या अर्जाकडे देणारा वेगळ्या नजरेने बघतो.

तणनाशकाचं काय? निंदायला बाया मिळत नाहीत.

खरं आहे, आणि तणनाशक वाईट असं नुसतं भाषण ठोकून कुणाचं निंदण होत नाही. ग्लायफोसेटचा वापर ऑक्टोबर २०२२ च्या आदेशाने फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला गेला, तरी शेतात काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. अनुदानातून सायकल कोळपी, डवरणीची अवजारं गटाच्या मालकीची घ्या आणि भाड्याने फिरवा. अवजार बँकेसाठी पैसे मिळणं त्या मानाने सोपं जातं, कारण वस्तू डोळ्यांना दिसते.

एक कीटकनाशक कंपनी सुरक्षा किट फुकट देतेय. घ्यावी का?

मजुराच्या अंगावर मास्क आणि हातमोजे येत असतील तर नाही म्हणायचं कारण नाही. पण ती कपात नव्हे, तिला कपात म्हणून अहवालात दाखवू नका. भादव्याच्या उकाड्यात तो प्लास्टिकचा अंगरखा अर्धा तासही अंगावर टिकत नाही, फोटो काढला की झाडाला टांगला जातो. आणि कंपनीचा बिल्ला लावलेल्या गटाने उद्या त्याच कंपनीचं औषध कमी घ्या म्हणून सांगितलं, तर गावात कुणाला पटेल? किट घ्या, बिल्ला घेऊ नका. आमचं मत आहे, ज्याचं त्याने ठरवावं.

सोनारकामात विषारी काय असतं?

इतवारीच्या सराफा बाजारामागच्या गल्ल्यांत एखाद्या कारागिराच्या पाटाशी बसून बघा. खिडकी नसलेली खोली, चार-पाच जण दाटीने, समोर फुंकणी आणि ज्योत. डाग, म्हणजे सांधा जोडायचा मिश्रधातू, लावताना पिवळसर-तपकिरी धूर नाकाखालूनच वर जातो. ‘केडीएम’चा दागिना म्हणजे कॅडमियम मिसळलेल्या डागाने जोडलेला. कॅडमियम लवकर वितळतो म्हणून कारागिराला सोयीचा, पण ज्योतीखाली त्याची वाफ होते, ती फुप्फुसात बसते आणि पुढे मूत्रपिंडाला पोचते. कर्करोगकारक पदार्थांत त्याची गणना आहे. गिऱ्हाइकाच्या गळ्यातल्या साखळीने काही होत नाही. भोगतो तो जोडणारा.

हॉलमार्किंग २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झाल्यावर केडीएमचं चलन घटलं, पण छोट्या दुरुस्तीच्या कामात जुना डाग अजून वापरला जातो. कॅडमियमविरहित डाग बाजारात मिळतो. त्याला उष्णता वेगळी लागते, हात बसायला वेळ लागतो आणि सुरुवातीला माल वाया जातो. अनुदान मागायचं ते या वाया जाणाऱ्या मालासाठी आणि शिकवणाऱ्या कारागिराच्या रोजासाठी. देणारे इथे हमखास एक्झॉस्ट पंखे सुचवतात. पंखे लावा, जरूर लावा, पण धूर बाहेर टाकणं आणि धूरच न होणं यांचे अर्जात दोन वेगळे रकाने करा. नाहीतर सगळा पैसा पंख्यांत जातो आणि डाग तोच राहतो.

शाळेच्या संडासातलं ॲसिड बंद करायचंय. हा विषय फार किरकोळ नाही का?

अजिबात नाही. पहिलं अनुदान मागणाऱ्याने हाच विषय घ्यावा असं आम्ही सांगतो.

सायकलवरून बिनलेबलच्या बाटल्यांत विकलं जाणारं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घालायला सांगितलं, तरी ते दारात येतं. सफाई करणाऱ्या मावशी ते ओततात, वरून ब्लीचिंग पावडर टाकतात, म्हणजे दुप्पट स्वच्छ होईल. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत उभ्या असलेल्या बाईला खोकल्याची उबळ येते, डोळे चुरचुरतात, आणि त्यालाच ‘पावर आहे’ असं समजलं जातं.

मुळात ॲसिड लागतं ते बोअरच्या पाण्याच्या पांढऱ्या थरासाठी. रोज घासलं तर थर बसत नाही, बसलाच तर किराणा दुकानातलं लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून तासभर ठेवलं की सुटतो. तेही ब्लीचिंगमध्ये मिसळायचं नाही, हे सांगून ठेवा. म्हणजे पर्याय स्वस्त आहे, पण घासायला वेळ जास्त लागतो. तो वेळ मावशींच्या पगारात दिसला पाहिजे. अनुदानात लांब दांड्याचे ब्रश, हातमोजे, बूट आणि त्यांच्या वाढीव तासांचे पैसे मागा. ‘पर्यावरणपूरक क्लीनर’ म्हणून विकली जाणारी महागडी निळी बाटली मागू नका, अनुदान संपलं की ती बाटलीही संपते.

आमचं गणेश मंडळ आहे. मूर्ती आणि रंगांसाठी काही मिळेल?

मिळेल, पण पैसा मंडळापेक्षा मूर्तिकाराकडे गेला तर जास्त उपयोगी. चितार ओळीतला कारागीर शाडू सोडून पीओपीकडे का गेला? पीओपी लवकर वाळतं, हलकं असतं, वाहतुकीत तुटत नाही. शाडूला जागा लागते, दिवस लागतात आणि माती महिनोन्‌महिने आधी विकत घेऊन ठेवावी लागते. तेव्हा त्याच्या हातात पैसा नसतो. मंडळाने हंगामाच्या आधी आगाऊ रक्कम द्यायची आणि गणपतीनंतर ती परत फिरती ठेवायची, असा फिरता निधी अनुदानातून उभा राहू शकतो.

रंगांबाबत एक नियम हाताशी ठेवा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. सुट्या डब्यातला, बिनलेबलचा चमकदार रंग घेतला की या नियमाचा काही उपयोग उरत नाही, तेव्हा पावतीवर उत्पादकाचं नाव येईल असाच रंग घ्या. मारबत आणि बडगे (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणारे पुतळे) करणाऱ्यांनाही हेच लागू. बडगे शेवटी जाळले जातात, रंगात जे असेल ते धुरात जातं, आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत आपण त्याच धुरात उभे असतो. कागद, बांबू, कापड आणि पाण्याचे रंग पुरतात.

आधी किती होतं आणि नंतर किती, हे मोजायचं कसं? प्रयोगशाळा परवडत नाही.

प्रयोगशाळा लागतच नाही. पावत्या जमवा.

कृषी सेवा केंद्राने कीटकनाशकाची पावती द्यायलाच हवी. गटातल्या वीस-पंचवीस शेतकऱ्यांच्या मागच्या हंगामाच्या पावत्या गोळा करा. सगळ्या मिळणार नाहीत, उधारीची वही चालते, रिकाम्या डब्यांची मोजणीही चालते. औषधाचं नाव, मिली किंवा ग्रॅम, आणि डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग लिहा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हंगामानंतर तेच पुन्हा. एकूण लिटर तेवढेच राहिले पण लाल-पिवळे डबे जाऊन हिरवे आले, तर तीही कपातच आहे, ती वेगळी दाखवा. शाळेत महिन्याला ॲसिडच्या किती बाटल्या, सराफ्यात किती ग्रॅम डाग. पाण्याचे आणि मातीचे नमुने तपासायचा मोह होतो, पण छोट्या कामाचा परिणाम एका वर्षात तिथे दिसत नाही आणि ‘फरक आढळला नाही’ असा अहवाल हातात येतो.

बजेट किती मागावं?

पहिल्यांदा मागत असाल तर एक ते तीन लाखांच्या आत. मजुरी आणि मानधन धरायला लाजू नका. आपले गट सगळं ‘स्वयंसेवेतून’ दाखवतात आणि तिसऱ्या महिन्यात स्वयंसेवक गायब होतात. वाहतूक, हिशेब तपासनिसाची फी आणि उपयोगिता प्रमाणपत्राचा (पैसे ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) खर्च आधीच लिहा. अनुदान हप्त्याने येतं आणि पुढचा हप्ता उशिरा येतो, हंगाम मात्र थांबत नाही. म्हणून कापसाचा अर्ज निदान जानेवारीत टाका.

जनजागृती रॅली, पथनाट्य, टी-शर्ट?

नको.

आमच्या वस्तीजवळच्या कारखान्याच्या सांडपाण्याचा त्रास आहे. त्यासाठी अनुदान?

तो अनुदानाचा विषय नाही, तक्रारीचा आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये उद्योग भवनात आहे. तारीख, वेळ, वास, रंग, फोटो यांची नोंद ठेवून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. अनुदानाच्या प्रकल्पात तक्रार मिसळली की देणारी कंपनी बिचकते, आणि तक्रारही पुढे सरकत नाही.

एक सोडून दुसरं घेतलं आणि तेही विषारीच निघालं तर?

आगीतून फुफाट्यात, हे या क्षेत्रात सारखं होतं. एका औषधावर बंदी आली की दुकानदार त्याच कुळातलं दुसरं काढून देतो. डायक्लोरव्हॉस, फोरेट, ट्रायझोफॉस ही ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाली, त्यांच्या जागी काय आलं ते दुकानाच्या फळीवर बघा. त्यामुळे अर्जात पर्याय लिहिताना आधी पद्धत बदला (सापळा, घासणं, वेगळा डाग), मग वस्तू बदला. आणि ‘हर्बल’, ‘बायो’ लिहिलेल्या बाटलीवर घटक छापलेले नसतील तर ती घेऊ नका. विदर्भात जैविक म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनानोंदणीच्या बाटल्या ढिगाने फिरतात.

कृषी सेवा केंद्रवाला आमच्यावर नाराज होईल ना?

होईल. तो उधार देतो, लग्नाकार्यात उभा राहतो, आणि त्याच्या सल्ल्याचे पैसे औषधाच्या विक्रीतच आहेत. त्याला गावाबाहेरचा शत्रू करून चालत नाही. सापळे, ल्यूर, ट्रायकोकार्ड, निंबोळीची उत्पादनं त्याच्याच दुकानातून घेतली तर त्याचं दुकान चालतं आणि तुमच्या पावत्याही एका जागी मिळतात.

काम चालू असताना कुणाला विषबाधा झाली तर?

फवारणी थांबवा, माणसाला सावलीत आणि मोकळ्या हवेत न्या, भिजलेले कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा. जबरदस्तीने उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाचा डबा व त्यातलं माहितीपत्रक सोबत न्या, उतारा त्यावर लिहिलेला असतो. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर सल्ला देतं. हे दोन्ही क्रमांक पंपाच्या टाकीवर रंगाने लिहून ठेवा.

अर्ज नाकारला गेला. आता?

कारण विचारा, लेखी. बहुतेक वेळा ‘निधी संपला’ एवढंच असतं. आर्थिक वर्ष संपताना कंपन्यांकडे न खर्चलेली रक्कम उरते, तेव्हा तोच अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा पाठवा. मधल्या काळात एका शाळेत किंवा पाच शेतांत स्वखर्चाने सुरुवात झालेली असली तर दुसऱ्या अर्जाला पावत्या जोडता येतात.

काम सुरू झालं. घराघरांत उरलेल्या जुन्या औषधांच्या बाटल्यांचं काय करायचं?

नालीत ओतू नका, विहिरीजवळ पुरू नका, जाळू तर अजिबात नका. मूळ डब्यातच, झाकण घट्ट करून, कुलपात ठेवा. पाण्याच्या किंवा दारूच्या बाटलीत काढून ठेवलेलं औषध कुणीतरी पितं, दरवर्षी पितं. रिकामा डबा तीनदा खळखळून धुवा, ते पाणी फवारणीच्या टाकीतच टाका, मग डब्याला भोकं पाडा म्हणजे कुणी त्यात तेल-पाणी भरणार नाही. शहरात कीटकनाशकांचे आणि रंगांचे डबे हा घरगुती घातक कचरा आहे. तो गाडीत ओल्या-सुक्यात न टाकता वेगळा बांधून द्या आणि झोन कार्यालयात कुठे घेतात ते विचारा. मुदत संपलेला मोठा साठा निघाला तर तालुका कृषी अधिकाऱ्याला लेखी कळवा. या डब्यांची मोजणी करून घ्यायला विसरू नका, तुमच्या ‘आधी किती’च्या रकान्यात ती लागणार आहे.